‘विष आढळले नाही’ : कायद्याच्या विद्यार्थ्याने अहवाल कसा वाचावा?

१२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री पुण्याहून मुंबईला निघालेल्या पॅसेंजर गाडीत लक्ष्मीबाई कर्वे या मधुमेही विधवा बाई आणि त्यांचे डॉक्टर अनंत चिंतामण लागू बरोबर प्रवास करत होते. पहाटे गाडी बोरीबंदरला लागली तेव्हा बाई बेशुद्ध होत्या. लागूने त्यांना गोकुळदास तेजपाल रुग्णालयात दाखल केले, तिथे त्यांचे नाव खोटे सांगितले, आणि दुपारच्या आत बाई वारल्या. मृतदेह न्यायला कोणी आले नाही. शवविच्छेदन झाले ते दहा दिवसांनी, २३ नोव्हेंबरला. मृत्यूचे कारण मधुमेहाने आलेली बेशुद्धी असे कागदावर आले आणि व्हिसेऱ्यावर रासायनिक विश्लेषकाचा शेरा आला : विष आढळले नाही. पुढे बाईंची मालमत्ता लागूच्या हाती गेली आणि बाई हयात असून त्यांनी दूर कुठे तरी लग्न केले आहे, असे भासवणारी पत्रे नातेवाइकांना येत राहिली. १९५८ मध्ये लागूला अटक झाली. १४ डिसेंबर १९५९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याची फाशी बहुमताने कायम केली. शरीरात विष सापडलेले नसताना विषप्रयोगाने खून झाल्याचे सिद्ध मानणारा हा निकाल लिहिला न्या. एम. हिदायतुल्ला यांनी. न्या. ए. के. सरकार यांनी भिन्नमत नोंदवले.

कायदा शिकणाऱ्या मुलांना हा खटला परिस्थितिजन्य पुराव्याच्या प्रकरणात शिकवला जातो आणि तिथेच सोडून दिला जातो. त्यातला खरा धडा प्रयोगशाळेच्या शेऱ्यात आहे. ‘आढळले नाही’ आणि ‘नव्हते’ ही दोन वेगळी विधाने आहेत. विश्लेषक काही ठरावीक गटांतील विषे शोधतो. काही द्रव्ये शरीरात लवकर विघटित होतात, काहींसाठी वेगळी चाचणी लावावी लागते, आणि मृतदेह दहा दिवस पडून राहिला असेल तर शोधण्याजोगे काय उरले, हा प्रश्न चाचणीच्या आधीचा आहे. बहुमताच्या निकालाने नेमके हेच केले. अहवालाला शेवटचा शब्द न मानता, मधुमेहाच्या बेशुद्धीची लक्षणे खरोखर होती का, हे रुग्णालयाच्या नोंदी आणि डॉक्टरांच्या साक्षी यांतून पडताळले, आणि आरोपीचे वागणे त्याच्या शेजारी ठेवले. भिन्नमतही तितक्याच काळजीने वाचावे असे आहे, कारण विष सापडले नसताना फाशी देण्यातली जोखीम ते पुढे ठेवते. माझे म्हणणे असे, की न्यायसहायक विज्ञान कायद्याच्या विद्यार्थ्याला शिकवायचे ते अहवालाचे असे वाचन करता यावे म्हणून. सूक्ष्मदर्शक हाताळणे हे त्याचे काम नव्हे. हे वाचन ऐच्छिक विषयाच्या कोपऱ्यात ठेवण्याजोगे नाही. पुराव्याचा कायदा शिकवताना ते त्यातच शिकवले पाहिजे.

ही चर्चा रायपूरला बसून करावी याला कारण आहे. हिदायतुल्ला यांचे शालेय शिक्षण रायपुरात झाले, पुढे ते नागपूरच्या मॉरिस कॉलेजात गेले, नागपूरच्या उच्च न्यायालयात त्यांनी वकिली केली आणि १९३५ ते १९४३ या काळात तिथल्या विधी महाविद्यालयात शिकवलेही. रायपूर तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांत व वऱ्हाडातच होते. छत्तीसगड राज्य झाल्यावर २००३ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाला त्यांचेच नाव दिले गेले. ते विद्यापीठ नवा रायपूरच्या उपरवारा येथे आहे. शहराच्या उत्तर टोकाला, बिलासपूर रस्त्यावर, भनपुरीचा औद्योगिक पट्टा आहे. या दोन टोकांमध्ये जे अंतर आहे तेच या लेखाचा विषय आहे.

प्रयोगशाळेने ‘नाही’ म्हटले आणि न्यायालय पुढे गेले, हा लागू खटला. त्याच्या उलट बाजूचा खटलाही याच जुन्या प्रांतातला आहे. नागपूरचे अबकारी आयुक्त हनुमंत गोविंद नरगुंदकर यांच्यावर सिवनीच्या डिस्टिलरीच्या ठेक्यावरून खटला झाला. त्यात एक टंकलिखित पत्र होते. तज्ज्ञांचे मत असे, की ते अमुक टंकयंत्रावर टंकले आहे, आणि पत्रावरच्या तारखेला ते यंत्र नागपुरात आलेच नव्हते. म्हणजे पत्र मागची तारीख घालून केलेले. १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे मत पुराव्यात घेतले नाही, कारण १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ४५ मध्ये टंकयंत्राच्या तज्ज्ञाला जागा नव्हती. नरगुंदकर निर्दोष सुटले. परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी कशी पारखायची याचे आजही उद्धृत होणारे सूत्र याच निकालात आले. टंकयंत्राबद्दलची ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये बदलली, आणि नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ ने तर ‘अन्य कोणतेही क्षेत्र’ असे शब्द घालून दारच रुंद केले. दार रुंद झाले की आत येणाऱ्या प्रत्येकाला ‘तुमच्या शास्त्राचा आधार काय’ असे विचारणारा कोणी तरी उंबऱ्यावर हवा. ते काम वकिलाचे, आणि त्याने ते शिकलेले असले पाहिजे.

न शिकल्यास काय होते, हे पुण्याने पाहिले आहे. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने विषप्रयोगाच्या एका खटल्यात दोषसिद्धी देताना, मेंदूतील विद्युत हालचालींवरून ‘अनुभवजन्य ज्ञान’ ओळखण्याचा दावा करणाऱ्या चाचणीवर भर दिला. ती चाचणी सरकारी प्रयोगशाळेत झालेली होती. जगभरच्या मज्जाशास्त्रज्ञांनी मान्य केलेली आणि स्वतंत्रपणे पडताळलेली अशी ती पद्धत नव्हती. दोनच वर्षांनी, मे २०१० मध्ये, सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नार्को, लाय डिटेक्टर आणि मेंदूचाचणी आरोपीच्या संमतीशिवाय करणे घटनाबाह्य ठरवले. तो निकाल मुख्यतः कलम २० (३) आणि २१ च्या आधाराने लागला. विज्ञान म्हणून ती चाचणी किती भरवशाची, चुकीचे प्रमाण किती, पडताळणी कुणी केली, हे प्रश्न खरे तर सत्र न्यायालयात उलटतपासात यायला हवे होते. ते विचारायला वकिलाला मज्जाशास्त्राची पदवी लागत नाही, दावा आणि पुरावा यांतला फरक ओळखणारी नजर लागते. अमेरिकेतही हे घडले आहे. केसांची सूक्ष्मदर्शकाखाली तुलना करून एफबीआयच्या तज्ज्ञांनी दिलेल्या साक्षींचा २०१५ मध्ये फेरआढावा घेतला गेला, तेव्हा तपासलेल्या खटल्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक खटल्यांत शास्त्राला न झेपणारी विधाने केलेली आढळली. ती वर्षानुवर्षे न्यायालयांतून खपली, कारण समोरच्या वकिलाला ती खटकली नाहीत. २००९ मध्ये तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या अहवालाने वकील आणि न्यायाधीशांची शास्त्रीय तयारी अपुरी असल्याचे स्पष्ट लिहिले होते.

शास्त्र भक्कम असले तरी काम संपत नाही. डीएनएचे शास्त्र भक्कम आहे. तरीही ठाण्याच्या एका खटल्यात, सहा वर्षांच्या मुलीवरील अत्याचार आणि खुनाबद्दल फाशीची शिक्षा झालेल्या आरोपीला सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये सोडले. नमुने पाठवायला विलंब झाला, मधल्या काळात ते कुणाच्या ताब्यात आणि कशा स्थितीत होते याचा उलगडा झाला नाही, आणि मग जुळणीचा निष्कर्ष टिकला नाही. महाराष्ट्रातल्या कोणत्याही पोलीस ठाण्यातील मुद्देमाल कारकुनाला ही साखळी ठाऊक असते : घटनास्थळ पंचनामा, जप्ती, सील, लाखेचा ठसा, मुद्देमाल रजिस्टरची नोंद, प्रयोगशाळेला जाणारा शिपाई, तिथली पोहोच. यातली एक कडी तुटली तर यंत्रातून निघालेला आलेख कुणाच्या रक्ताचा आहे हेच सांगता येत नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील एका खटल्यात देशभरासाठी सूचना दिल्या. डीएनएचे नमुने ४८ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचावेत आणि ताब्याच्या साखळीचे रजिस्टर शेवटपर्यंत ठेवावे, असे त्यांत आहे. या सूचना पोलिसांना उद्देशून आहेत, पण त्या पाळल्या गेल्या की नाही हे कागदावरून शोधून काढणारा वकीलच असतो, सरकारी असो वा बचावाचा.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या कायद्यांनी या प्रश्नाला घाई आणली आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ (३) नुसार सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करायचा आहे. राज्यांनी पाच वर्षांच्या आत ही तरतूद अमलात आणायची आहे. चर्चा होते ती याच कलमाची : किती व्हॅन, किती तज्ज्ञ, किती प्रयोगशाळा. मला त्याहून महत्त्वाची वाटतात ती कलम ३२९ आणि ३३०. ३२९ नुसार सरकारी वैज्ञानिक तज्ज्ञाचा अहवाल त्याला साक्षीला न बोलावताही पुराव्यात वापरता येतो. जुन्या संहितेत ही तरतूद होतीच. नवे आहे ते ३३० मध्ये. कागदपत्रे मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत त्यांचा खरेपणा मान्य की अमान्य हे सांगायचे आहे, मुदत शिथिल करायची तर न्यायालयाने कारणे लिहायची आहेत, आणि कोणत्याही पक्षाने अहवालाला हरकत घेतली नाही तर तज्ज्ञाला न्यायालयात बोलावलेच जाणार नाही. याचा अर्थ पूर्वी खटल्याच्या ओघात कधी तरी करायचा विचार आता पहिल्या महिन्यात करायचा आहे. तालुक्याच्या न्यायालयात काल सनद घेतलेला वकील त्या ३० दिवसांत रक्तगटाचा, बंदुकीच्या गोळीचा किंवा मोबाइलचा अहवाल वाचून त्यात हरकत घेण्याजोगे काय आहे हे ओळखू शकला नाही, तर प्रयोगशाळेचा माणूस त्या खटल्यात कधी दिसणारच नाही.

मोबाइल आणि कॅमेऱ्याचा पुरावा आता जवळपास प्रत्येक खटल्यात असतो. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून अर्जुन खोतकर यांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा मुद्दा निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रीकरणाचा होता. जुलै २०२० च्या निकालाने इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीबरोबर प्रमाणपत्र अनिवार्य ठरवले. नव्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ ने त्या प्रमाणपत्राचा नमुनाच परिशिष्टात दिला. त्याचा एक भाग पक्षकाराने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि दोन्हींत हॅश मूल्य लिहायचे. फायलीत एक ठिपका बदलला तरी ही आकड्या-अक्षरांची लांब ओळ बदलते, एवढे साधे तत्त्व. ते ज्याला माहीत नाही तो त्या रकान्यात लिहिलेली ओळ नुसती पाहतो. दोन प्रतींवरच्या ओळी ताडून बघण्याचे त्याला सुचत नाही.

आता विधी शिक्षणात काय आहे ते पाहू. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांत न्यायसहायक विज्ञान आहे, पण ‘गुन्हे आणि गुन्हेशास्त्र’ या ऐच्छिक गटातला एक पर्याय म्हणून. जे महाविद्यालय हा गट चालवत नाही, तिथला विद्यार्थी हा विषय न पाहता वकील होतो. इंटर्नशिप तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला २० आठवडे सक्तीची आहे, पण ती बहुधा वकिलांच्या कार्यालयात आणि संस्थांमध्ये जाते. दुसरीकडे विज्ञानाच्या बाजूने सोय वाढली आहे. औरंगाबाद, नागपूर आणि मुंबई येथे शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था उभ्या राहिल्या, २०२० च्या कायद्याने राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ झाले आणि गोव्यात त्याचे संकुल सुरू झाले. २२ जून २०२५ रोजी नवा रायपुरात याच विद्यापीठाच्या संकुलाची आणि केंद्रीय प्रयोगशाळेची पायाभरणी झाली. म्हणजे अहवाल लिहिणारे पुष्कळ तयार होतील. ते वाचणारे तयार करण्याची व्यवस्था त्या वेगाने वाढलेली नाही. मधली जागा काही दिवसांच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमांनी भरली जाते. त्यांत बोटांचे ठसे कसे घ्यायचे, रक्ताचे शिंतोडे कसे दिसतात, हे मुलांना दाखवतात. मुलांना ते आवडते, आणि विषयाची गोडी लागणे चांगलेच आहे. पण ठसा घ्यायला शिकलेला विद्यार्थी ‘हा ठसा जुळतो’ या वाक्यामागे किती बिंदू तपासले, दुसऱ्या परीक्षकाने स्वतंत्रपणे पाहिले का, ठसा घटनेच्या वेळचाच हे कशावरून, असे विचारायला शिकला आहे असे धरता येत नाही.

भनपुरीकडे वळतो, कारण इथे या विषयाची एक बाजू दिसते जी खून-दरोड्यांच्या उदाहरणांत झाकली जाते. लोखंड वितळवणाऱ्या भट्ट्या, रोलिंग मिल, क्रेन आणि अवजड वाहने यांच्या परिसरातले अनैसर्गिक मृत्यू बहुतेक वेळा कामावरचे किंवा रस्त्यावरचे असतात. छत्तीसगडचे पोलीस ‘मर्ग कायम’ करतात, महाराष्ट्रात त्याला आकस्मिक मृत्यूची नोंद म्हणतात. पुढे गुन्हा दाखल झालाच तर तो सहसा निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ (१) मध्ये त्याला सामान्यतः पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सात वर्षांची अट इथे पूर्ण होत नाही, त्यामुळे तज्ज्ञाने घटनास्थळी येण्याची सक्तीही लागू होत नाही. पण वैज्ञानिक पुराव्याची गरज अशाच ठिकाणी सर्वाधिक असते. भट्टीत ओला किंवा बंद डब्यासारखा भंगाराचा तुकडा पडला तर वितळलेले लोखंड स्फोटासारखे उसळते, म्हणून उरलेल्या भंगाराचा नमुना त्याच दिवशी जपायला हवा. क्रेनची साखळी एकदाच जास्त वजन आल्याने तुटली की महिनोन्‌महिने वाढत गेलेल्या तड्याने, हे तुटलेल्या पृष्ठभागावरून धातुतज्ज्ञ सांगू शकतो, पण तोवर तुकडा गंजता किंवा पुन्हा भट्टीत जाता कामा नये. कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरवर जुने चित्रीकरण काही दिवसांत आपोआप पुसले जाते. मजुराच्या बायकोच्या वतीने उभा राहणाऱ्या, बहुधा विधी सेवा प्राधिकरणाने नेमलेल्या तरुण वकिलाला हे ठाऊक असेल, तर तो पहिल्या आठवड्यात अर्ज करून या वस्तू जप्त करायला लावील. ठाऊक नसेल तर नुकसानभरपाईचा दावा साक्षीदारांच्या आठवणींवर चालेल, आणि ते साक्षीदार त्याच कारखान्यात नोकरीला असतात.

या मागणीवर घेतले जाणारे आक्षेप हलके नाहीत. पहिला आक्षेप अर्धवट ज्ञानाचा : चार व्याख्याने ऐकलेला वकील शास्त्रज्ञाला नको ते विचारून न्यायालयाचा वेळ घेईल. ही भीती खरी आहे, आणि फक्त तंत्रे दाखवणाऱ्या अभ्यासक्रमांतून ती वाढते. मात्र वकील शरीरशास्त्र न शिकताही शल्यचिकित्सकाचा उलटतपास घेतो, हिशेबनीस नसून दिवाळखोरीचा खटला चालवतो. दुसऱ्याच्या शास्त्राला नेमका प्रश्न विचारणे हेच या व्यवसायाचे कौशल्य आहे आणि त्याचे शिक्षण देता येते. दुसरा आक्षेप असा, की बचावाच्या वकिलांना हे शिकवले तर गुन्हेगार सुटतील. ठाण्याचा खटला इथे पुन्हा वाचावा. त्या मुलीला न्याय मिळाला नाही तो नमुन्यांच्या हाताळणीमुळे. आरोपपत्र दाखल होण्याआधी एखाद्या जाणत्या सरकारी अभियोक्त्याने विलंबाचा खुलासा मागितला असता तर दोष वेळीच दिसला असता. हे शिक्षण अभियोगालाही तितकेच लागते, आणि ज्यांना न्यायाधीश व्हायचे आहे त्यांना सर्वांत जास्त. तिसरा आक्षेप मला अधिक अवघड वाटतो : अनेक विधी पदवीधर फौजदारी न्यायालयात पाऊलही टाकत नाहीत आणि अभ्यासक्रम आधीच खचाखच आहे. म्हणूनच नवा सक्तीचा विषय वाढवा असे मी म्हणत नाही. पुरावा कायदा सक्तीचा आहेच. तज्ज्ञमताची कलमे आज व्याख्या आणि निकालांच्या नावांवर शिकवली जातात. तीच कलमे खऱ्या स्वरूपाचे अहवाल समोर ठेवून शिकवली तर तासांची संख्या फारशी वाढत नाही. शिवाय बनावट सहीचा, संगणकीय नोंदीचा किंवा पितृत्वाचा वाद दिवाणी न्यायालयातही येतोच.

साधनांची अडचण सांगितली जाते. लहान शहरांतल्या महाविद्यालयांपुरती ती खरी आहे. रायपूरला ती सबब नाही. विधी विद्यापीठ, राज्याची न्यायसहायक प्रयोगशाळा, एम्स आणि पंडित जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय, चंदखुरीची पोलीस अकादमी हे सगळे एका दिवसाच्या फेरीत बसते, आणि आता राष्ट्रीय विद्यापीठाचे संकुलही येते आहे. पोलीस अकादमीतले प्रशिक्षणार्थी आणि कायद्याचे विद्यार्थी यांनी एकाच बनावट घटनास्थळाचा पंचनामा करावा, आणि महिनाभराने त्याच विद्यार्थ्यांनी त्या प्रशिक्षणार्थींचा उलटतपास घ्यावा. पंचनाम्यात वेळ लिहायची राहिली तर काय होते, हे दोघांनाही तेव्हा समजेल. विज्ञान शाखेच्या मुलांनाही साक्ष देण्याचा सराव लागतो, तो याच वर्गात होईल. जिथे प्रयोगशाळा जवळ नाही, तिथे नावे काढून टाकलेली, निकाल लागलेल्या खटल्यांची जुनी कागदपत्रे पुरेशी आहेत. लागू खटल्याचा छापील निकाल तर कोणत्याही विधी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मिळेल.

परीक्षाही त्याप्रमाणे बदलावी लागेल. ‘तज्ज्ञमत म्हणजे काय ते स्पष्ट करा’ या प्रश्नाऐवजी विद्यार्थ्याच्या हाती एक फाईल द्यावी. तीत मर्गची नोंद, इन्क्वेस्ट पंचनामा, शवविच्छेदनाचा कागद, तुटलेल्या साखळीच्या जप्तीची यादी, चित्रीकरणाच्या प्रतीसोबतचे हॅश मूल्य असलेले प्रमाणपत्र आणि प्रयोगशाळेचा दीड पानी अहवाल असावा. जप्ती आणि प्रयोगशाळेची पोहोच यांच्या तारखांत ११ दिवसांचे अंतर असावे. कागदपत्रे मिळून २२ दिवस झाले आहेत असे धरून, मजुराच्या कुटुंबाच्या वतीने सरकारी अभियोक्त्याला द्यायचे टिपण आणि बचावाच्या बाजूने कलम ३३० खालची हरकत, दोन्ही त्याच विद्यार्थ्याने तीन तासांत लिहावीत.